दुसरी शाई

आमच्या घरात राजे बासनात राहतात.
लाल खारव्याचं बासन, तीन गाठी.
पहिली वडिलांची, सैल. दुसरी आजोबांची.
तिसरी कुणाची ते सांगता येत नाही,
सुटता सुटत नाही ती तीच.

सकाळी सहाला रामकुंडावर छत्रीखाली बसतो,
गाव विचारतो, आडनाव विचारतो,
मग स्कूटरवरून घरी येऊन
माणसाचा पणजोबा शोधून काढतो. हाच धंदा.
कुणी रडतं. कुणी पानाचा फोटो काढतं.

पान एकशे बारा. एक गोरा.
नदीला साखळी लावत वर चालला होता, त्र्यंबकाकडे.
उगम हवा होता त्याला, आकड्यात.
पेन्सिलीनं नाव घातलंय, मुंग्यांची रांग जशी.
खाली आमच्या भिकंभटांचा मोडीत शेरा:
गाव फार लांब. गोत्र सांगता येईना.
जोडे न सांगता काढले.

मागे उलटलं की सिंहस्थ. कुठल्याशा आखाड्याचे महंत,
पाठीशी नऊ हत्ती, पुढ्यात भांडण,
आधी बुडी कुणाची यावर दोन डोकी फुटलेली.
नाव विचारलं तर म्हणाले, सोडलं.
बापाचं? तेही.
म्हणून नुसता राखेचा अंगठा.
अजून बोटाला लागते ती राख,
की धूळ असते, मला कळत नाही.

आणखी मागे, एक्केचाळीस.
श्रीमंत धवलराव वांगणखेडकर.
चार किल्ले घेतलेले, पाचव्याला वेढा,
मधेच सवड काढून आईच्या अस्थी घेऊन आले.
शिक्का असा दाबलाय
की पाठच्या पानावरचे तीन वाणी चेपलेत.
वडिलांचं नाव आहे. आजोबांचं आहे.
पणजोबा म्हटल्यावर
(हे मला वडील सांगायचे, त्यांना त्यांचे)
घाट गप्प झाला.
राजानं पाण्याकडे पाहिलं. कारभाऱ्यानं राजाकडे.
भिकंभटांनी बोरू झटकला, लिहिलं:
जागा सोडली आहे.

आणि तळाला, मेण्याला खांदा दिलेला भोई,
येसू बिन महादू बिन सटवा बिन राणू बिन ढवळू,
थांबेचना. कागद संपला.

‘आपल्या घरानं राजासाठीसुद्धा बाप बनवला नाही,’
वडील हे जेवताना सांगत, मुंजीत सांगत,
शेवटी दवाखान्यात, नळी नाकात असताना, नर्सला सांगितलं.

गेल्या पावसाळ्यात गंगेचं पाणी
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं.
वह्या माळ्यावर नेल्या. बॅटरी तिरकी धरून
एक्केचाळीस पहिल्यांदा नीट पाहिलं.

जागा सोडलेली नाही.
त्या तीन शब्दांवरच, दुसऱ्या शाईनं, बारीक,
एक नाव बसवलंय. भारदस्त. थेट सूर्याच्या घरचं.
अक्षर आमचंच.
‘र’ची शेपटी अशी दुसरं कुणी काढत नाही.

परसातला आड त्याच सालचा आहे.
काठावरच्या दगडात साल कोरलंय, लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो.
पाणी गोड आहे. पन्नास वर्षं पितोय.

वडिलांनी बॅटरी तिरकी धरली नसेल कधी?
की धरली, आणि मग गाठ मारली?

काल दुपारी ओझरचा एक ट्रक ड्रायव्हर आला,
अनाथाश्रमात वाढलेला.
बायकोच्या अस्थी स्टीलच्या डब्यात, वर रबर.
वडिलांचं नाव?
त्यानं पाण्याकडे पाहिलं असतं, पण इथे पाणी नव्हतं,
कॅलेंडरकडे पाहिलं.
‘लिहा ना गुरुजी काहीपण,
आधारवरपण तसंच लिहिलंय.’

मी पेनाचं टोपण काढलं. लावलं. काढलं.
त्याचं नाव लिहिलं, तिचं लिहिलं, तिथी लिहिली.
खाली दोन बोटं सोडली.
मग वही त्याच्याकडे फिरवून
पेन वर ठेवलं
आणि तांब्या घेऊन आडावर गेलो.

पाणी शेंदायला मी एवढा वेळ
कधीच लावत नाही.